बॅग मागून भर, आधी घर सोपव

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाली आहेस, दसऱ्यानंतरचं तिकीट हातात आहे, आणि तू म्हणतेस, "ताई, छातीत धडधडतं गं." मी भुसावळपलीकडची गाडीही एकटीनं न धरणाऱ्या बायका शेगावातून न्यू जर्सीला जाऊन, नातवंडाला न्हाऊमाखू घालून सुखरूप परतलेल्या पाहिल्या आहेत. तूही जाशील. पण धडधड कशाची आहे ते आधी नीट ओळख.

मला विचारशील तर ती विमानाची नाही. सहा महिने तुझ्यावाचून घर कसं चालेल, याची आहे. तू बॅग उघडून बसतेस, लाडवांचा डबा आत ठेवतेस, आणि मन जातं सासूबाईंच्या गोळ्यांकडे. म्हणून बॅग मागून भर, आधी घर सोपव. सोपवायचं म्हणजे "लक्ष ठेवा हं" असं मोघम सांगणं नव्हे. एकेका कामाला एकेक माणूस नेमायचा आणि त्याच्याकडून ते काम तू इथे असतानाच एकदा करवून घ्यायचं. सासूबाईंच्या पेन्शनचंच घे. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि नेमकी तेव्हा तू तिकडे असशील. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. पुतण्याला बसव, त्याच्या फोनमध्ये ते ॲप घालून घे आणि कागदपत्रं त्याच्या हाती दे. वीजबिल, सिलिंडर, सोयाबीनच्या विक्रीचा हिशेब, सगळ्याचं असंच. तुझ्या मिस्टरांना वरणभाताचा कुकर लावायला आत्तापासून शिकव. पहिले चार दिवस पाणी जास्त होईल, होऊ दे. तू समोर असताना झालेलं बरं.

आणखी एक, तुझ्या मोबाईलचा नंबर बंद पडू देऊ नकोस. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. तिकडे तो कसा चालू ठेवायचा, किती रुपयांचं रिचार्ज लागेल, हे दुकानात जाऊन विचारून ये.

आता लोकांचं. दळणाला गेलीस तरी कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या दूर काहून जातं वं माय?" प्रत्येकीला नव्यानं उत्तर देत बसलीस की भीती रोज ताजी होते. आपल्या आनंदीबाई जोशींना असे प्रश्न तुझ्या शंभरपट झाले असतील. वय अठराच्या आतबाहेर, नवऱ्याला मागे ठेवून डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघालेली ब्राह्मण मुलगी! त्यांनी 1883च्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत भाषण केलं. मी का जाते, एकटी का जाते, परत आल्यावर लोक वाळीत टाकतील त्याचं काय, सगळ्याला एकदाच उत्तर दिलं. एप्रिलात बोटीवर चढल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. ज्यांच्याकडे त्या उतरणार होत्या त्या कार्पेंटरबाई धक्क्यावर घ्यायला आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना तोवर पत्रांतूनच ओळखलेलं, तरी परक्या देशात आपलं एक घर आहे ही खात्री आनंदीबाईंना निघण्याआधीच होती. ते घर रोसेलला, न्यू जर्सीतच, तुझी लेक राहते त्याच राज्यात. तुला तर धक्क्यावर पोटची पोर भेटणार आहे. तूही एक उत्तर ठरवून टाक: "लेकीचं बाळंतपण आहे, उन्हाळ्यात येते." पुढे बोलू नकोस.

त्याच आनंदीबाईंना तिकडच्या थंडीचा फार त्रास झाला, हेही विसरू नकोस. लेक जाड कोट घाल म्हणाली की घाल, साडीवर बरा दिसतो का हे पाहू नकोस. मात्र तो इथून विकत नेऊ नकोस, तिकडच्या थंडीचे कपडे तिकडेच चांगले मिळतात.

प्रवासाचा विचार पालखीच्या वारकऱ्यांसारखा कर. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला महिनाभर चालत जाते, पण वारकरी आजच्या मुक्कामापुरतंच चालतो. तुझा पहिला मुक्काम मुंबई. विदर्भ एक्सप्रेसनं जा, पण विमानाच्या आदल्या दिवशी पोहोच, ठाण्याला वहिनीकडे राहा. गाडी दोन-चार तास रखडली तरी जीव वर-खाली होणार नाही. दुसरा मुक्काम, विमान बदलायचं ते. तिकीट काढणाऱ्याला सांगून व्हीलचेअरची मदत आधीच नोंदवून घे. तुझे गुडघे दुखतातच, आणि खुर्ची ढकलणारा माणूस तुला थेट पुढच्या दारापर्यंत नेतो. तिसरा मुक्काम, तिकडचा अधिकारी. तो विचारेल कुठे, कुणाकडे, किती दिवस. खरं तेच सांग. जावयाचा पत्ता आणि फोन इंग्रजीत कागदावर लिहून पर्समध्ये ठेव, मोबाईलची बॅटरी ऐनवेळी संपते. आणि व्हिसा दहा वर्षांचा असला तरी दहा वर्षं राहता येत नाही. किती दिवस राहायचं ते तो अधिकारी ठरवतो. ती तारीख लेकीला लगेच पाहून ठेवायला सांग.

गोळ्या पाकिटासकट ने, डब्यात मोकळ्या काढू नकोस, आणि त्या हातातल्या पिशवीतच ठेव. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घे, आपल्याकडच्या कंपन्यांची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा ने, पण डब्यांवर नावं लिही आणि खाण्याचं सामान आहे का विचारलं की हो म्हण. लपवलं की अडचण होते. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते तेलकट, पेट घेणारं म्हणून काढायला लावतात. लाडवात घालायचं ते घरीच किसून घालून टाक.

पोथी हातातल्या पिशवीत असू दे. विमानात झोप लागली नाही तर एक अध्याय वाच, मन जागेवर येतं, हा माझा अनुभव आहे.

आज एवढंच कर, पुतण्याला बोलावून हयातीच्या दाखल्याची तयारी उरकून घे. रविवारी मी येते, बॅग आपण दोघी मिळून भरू.