“विचार करू नको” म्हणण्याआधी




गेल्या पावसाळ्यात डिचोलीकडची आपली एक गुरुभगिनी बैठकीला येईनाशी झाली. (तिची परवानगी घेऊन, नाव न घेता लिहिते आहे.) एरवी दर गुरुवारी फुलांची परडी घेऊन तीच सर्वांत आधी हजर असायची. आम्ही चौघीजणी तिच्या घरी गेलो. म्हणाली, “अंग दुखतं, झोप नाही. चुलीकडे जायलासुद्धा नको वाटतं.” झालं, आम्ही एकामागून एक सुरू झालो. नाम घे, विचार करू नको, सगळं गुरूंवर सोड. ती नुसती मान हलवत राहिली. बाहेर पडल्यावर लक्षात आलं, तासभर आम्हीच बोललो. ती बिचारी दोन वाक्यं बोलली होती.

नैराश्य म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन खिन्न राहतं, आवडीच्या गोष्टीतही रस उरत नाही, झोप आणि भूक बिघडते, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटू लागतं. हा आजार आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा शरीराच्या तक्रारीतून बोलतो. बायका डॉक्टरकडे जातात त्या अंगदुखी, अशक्तपणा घेऊन. फार तर “टेन्शन” म्हणतात. पुरुष तर तेही सांगत नाहीत. खाणी बंद पडल्या, ट्रकांचे हप्ते थकले, तेव्हा किती घरांत कर्ता माणूस दिवसभर सोप्यावर नुसता बसून असायचा, ते आपण पाहिलंय.

या आजारावर गोळ्यांइतकाच बोलण्याचाही उपचार आहे, आणि त्याचा एक मोठा अभ्यास आपल्या गोव्यातच झाला. ‘संगथ’ ही संस्था इथे 1996 पासून मानसिक आरोग्याचं काम करते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी तीव्र नैराश्याचे 495 रुग्ण निवडले. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार, तेही डॉक्टरांना निदान कळवून. बाकीच्यांना तेच उपचार आणि शिवाय समुपदेशन. समुपदेशक कोण? डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हेत. स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसं, त्यांना या कामाचं प्रशिक्षण दिलेलं. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 100 मागे 64 जण नैराश्यातून बरेचसे बाहेर आले होते, इतरांत 39. वर्षानंतरही फरक टिकून होता. तीन महिन्यांचे निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली छापून आले.

त्या भेटींत करतात काय? उपदेश नाही, हे पहिलं. आधी नीट ऐकतात. मग विचारतात, पूर्वी तुम्ही काय काय करत होता, त्यातलं काय सुटलं? मन खचलं की माणूस एकेक काम सोडतो. कामं सुटली की आनंदाच्या, चार माणसं भेटण्याच्या वाटाही बंद होतात. मग मन आणखी खचतं. हे चक्र कुठेतरी मोडायचं. त्यासाठी दोघं मिळून एक अगदी लहान काम ठरवतात. “रोज सकाळी सातला अंगणात जाऊन पाच फुलं काढीन.” एवढंच! मन होईल तेव्हा नव्हे, ठरल्या वेळी. पुढच्या भेटीत बघायचं, जमलं का, नंतर कसं वाटलं.

तुम्ही म्हणाल, हा तर आपला नित्यनेम. बरंचसं तसंच. पण एक फरक आहे, आणि तो आपण शिकायला हवा. नेम चुकला तर तिथे कुणी रागावत नाही. कुठे अडलं ते शोधतात आणि काम आणखी लहान करतात.

गीताही आठवा. पहिल्या अध्यायात अर्जुन अंग थरथरतं, तोंड कोरडं पडतं, धनुष्य गळतं हे सगळं सांगतो, भगवंत ऐकतात. दुसऱ्याच्या सुरुवातीला एकदा खडसावतात, दुबळेपणा सोड म्हणून. अर्जुन उठतो का? नाही. पुन्हा आपलं दुःख मांडतो, मग स्वतःहून मार्ग विचारतो, आणि तरीही लढणार नाही म्हणून गप्प बसतो. भगवंतांचा सविस्तर उपदेश त्यानंतरचा. अर्जुनाचा विषाद म्हणजे आजार असं मी म्हणत नाही. क्रम तेवढा बघा.

आता व्यवहाराचं. चालू गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, नामस्मरण त्यांच्या सोबत चालतं. पेडणे असो वा डिचोली, आरोग्य केंद्रात गेलात तर अंगदुखीवर थांबू नका. “दोन आठवडे मन लागत नाही” हेही डॉक्टरांना सांगा. पुढची सोय बांबोळीच्या मनोरुग्ण इस्पितळात आहे. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर थट्टेवारी नेऊ नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि लगेच 14416 वर फोन करा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, मोफत, दिवसरात्र.

आणि कृपा करून “अमक्या ताई डिप्रेशनमध्ये आहेत, प्रार्थना करा” असे मेसेज ग्रुपवर टाकू नका. आपली गावं लहान. दुपारपर्यंत बातमी बाजारात पोचते, आणि ते माणूस पुन्हा कुणाकडे तोंड उघडत नाही.

ती ताई आता डॉक्टरांकडे आणि समुपदेशनाला जाते. बैठकीला अजून येत नाही, आम्हीही विचारत नाही. शनिवारी मी तिच्याकडे जाते. ती अबोलीच्या वेण्या करत असते; बोलली तर ऐकते, नाही बोलली तर दोरा धरून बसते.