सायकलवरची मालिका

पोरी, जागेवरची सायकल घरात आलीच आहे, तर एक नियम आजपासून पाळ. सायकलवर बघायला घेतलेली मालिका फक्त सायकलवरच बघायची. जेवताना नाही, गादीवर लोळत नाही, रिक्षात नाही. भाग ऐन रंगात आला आणि तुझी वेळ संपली, तर बंद करायचं आणि चडफडत उतरायचं. दुसऱ्या दिवशी ती चडफडच तुला सीटवर बसवते.

हे मामाच्या पदरचं नाही हो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ साली छापून आलेला प्रयोग आहे. माणसं २२६. काहींना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांची ध्वनिपुस्तकं भरलेले आयपॉड दिले, पण ते जिममध्येच कुलपात. पुढे काय झालं ते ऐकायचं तर जिमला यायचं. सुरुवातीला ही मंडळी पुस्तकं न मिळालेल्यांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा आली. दुसऱ्या गटाला स्वतःच्याच आयपॉडवर पुस्तकं दिली आणि जिममध्येच ऐका, एवढं सुचवलं. त्यांचंही जाणं २९ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे कुलूप असलं तर उत्तम, नसलं तरी शब्द पाळल्याचा फायदा आहेच. पण नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि सगळ्यांचा उत्साह ढेपाळला. आपल्याकडे तर गणपती, नवरात्र, दिवाळी, ओळच लागते. म्हणून सणाच्या तोंडावर मालिका संपवून टाकू नकोस. अर्धवट भाग शिल्लक ठेवूनच फराळाला बस.

आता खरी मेख. लक्ष पडद्यात गेलं की पाय मंदावतात, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पाऊण तास सायकल मारली असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात पाऊण तास सायकलवर बसलेलो असतो. त्यासाठी मीटरवरचा मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा धर. साठाच्या खाली गेला की पडद्याला विराम, पाय जागेवर आले की पुन्हा चालू. दोनचार दिवसांत पायच शहाणे होतात. मीटर बंद पडला असेल तर श्वास बघ: पात्राला उलट उत्तर देता आलं पाहिजे, शीर्षकगीत मात्र म्हणता येता कामा नये. गाता येतंय म्हणजे लोड वाढव.

क्रिकेट असेल तर फारच सोय. षटक चालू असताना बेताने मार, षटक संपून जाहिरात लागली की जोर लाव, पुढचा चेंडू पडेपर्यंत. विकेट पडली तर नवा फलंदाज येईपर्यंत जोर. आयपीएलचा एक डाव म्हणजे वीस षटकं. तेवढं झालं की घामाने निथळशील, आणि नको त्या जाहिरातींचा पहिल्यांदाच काही उपयोग होईल. सुरुवातीला दहा षटकांवर उतर, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माझी आठवण काढशील.

काय बघायचं, हेही पायांना विचारून ठरव. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ मला फार आवडतो, पण कॅमेरा एका जागी ठेवून घेतलेल्या त्या लांब दृश्यांत आपणही एका जागी थांबतो. तो खुर्चीत बसून बघ. सायकलवर ‘अशी ही बनवाबनवी’ लाव. संवाद पाठ असतात, चार वाक्यं सुटली तरी बिघडत नाही.

मोबाइल हँडलच्या खाचेत ठेवू नकोस. मान खाली जाते, आणि डोकं पाचेक किलोचं असतं; अर्धा तास ते वाकवून पेललं की खांदे भरून येणारच. समोरच्या कपाटाच्या फळीवर, डोळ्यांच्या रेषेत, मागे पुस्तकांचा टेकू देऊन ठेव. लांब वाटला तर टॅब घे. (आयपॉडवर व्हिडिओ आला २००५ साली, अडीच इंचाचा पडदा! आम्ही तेवढ्यावरही सिनेमे बघितले, पण डोळे बारीक करून करून.) भाग आदल्या रात्रीच उतरवून ठेव, ऐन वेळी ते चक्र फिरत बसलं की व्यायाम गेलाच म्हणून समज. मनगटाशी नॅपकिन हवा, ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही आणि घामाचा थेंब पडला तर नको ते बटण आपोआप दाबलं जातं. चार्जिंगची वायर लावून पॅडल मारायचं नाही, पायात येते.

तुमच्या सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवर हे सगळं चालणार नाही. तिथे व्हिडिओ बघायचा तर चालण्याच्या वेगालाच. पळताना डोकं वरखाली होतं, जवळची बारीक अक्षरं नाचतात, ती वाचायला आपण पुढे वाकतो आणि पाऊल पट्ट्याच्या कडेला पडतं. पट्टा बंद करणाऱ्या दोरीची लाल चिमटी कपड्याला लावायचीच, ती शोभेला नसते. आणि मोबाइल पडला तर पडू दे. आधी पट्टा पूर्ण थांबव, मग वाक. चालत्या पट्ट्यावर वाकलं की माणूस मागे फेकला जातो.

डंबेल्स उचलताना काहीच बघायचं नाही. योगासनांचे धडे आधी बसून बघ, मग मोबाइल पालथा घालून कर. हलासनात असताना शिक्षिका काय दाखवते म्हणून मान वळवलीस तर तो आठवडा मानेचाच.

सकाळी टेकडीवर जाशील तेव्हा व्हिडिओ नाही. गाणी ऐक हवी तर, तीही एकाच कानात. दुसरा कान मागून येणाऱ्या दुचाकीसाठी आणि कुत्र्यांसाठी मोकळा ठेव.