माणसांच्या वागण्याचा अभ्यास : एम.बी.ए.च्या वर्गात काय शिकवितात?



गट ऑफिसच्या ओट्यावर हल्ली एक प्रश्न आमच्या कानावर वरचेवर येतो. "पोरगं एम.बी.ए. करतंय. दोन वर्षं आणि एवढी फी. आणि शिकतंय काय, तर म्हणे माणसं कशी वागतात! त्याला कॉलेज कशाला पाहिजे?" प्रश्न रास्त आहे. पाऊस, बैल आणि भाऊबंद या तिघांना सांभाळून ज्याने शेती केली त्याला माणूस काय चीज आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीपण या विषयात सभासदाच्या खिशाशी संबंध असलेले पुष्कळ आहे, असे आमचे मत झाले आहे. म्हणून हा पाठ.

विषयाचे नाव 'संघटनात्मक वर्तन'. नाव जड आहे, पण अर्थ साधा : चार माणसे एकत्र कामाला लागली की ती अशीच का वागतात? त्याला जोडून दुसरा विषय येतो तो मनुष्यबळ व्यवस्थापनाचा. भरती, शिक्षण, पगार, बढती, तक्रारी यांची घडी कशी बसवायची हे त्यात येते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालची, जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय. १९४९ ची, अहमदाबादची आय.आय.एम. १९६१ ची. खास सहकारासाठी पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय संस्था आहे, ती १९६७ पासून. अशा ठिकाणी शिक्षक नुसती व्याख्याने देत नाहीत. एखाद्या कारखान्यात खरोखर घडलेली हकिकत मुलांपुढे ठेवतात आणि विचारतात, "तुम्ही मॅनेजर असता तर काय केले असते?" मग वर्गात भांडण जुंपते. आपल्या वार्षिक सभेसारखेच म्हणा ना!

चौदा कामगारांची गोष्ट

या विषयात पहिल्याच महिन्यात शिकवितात ती हकिकत अमेरिकेतली. शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनचे सामान बनविणारा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा मोठा कारखाना होता. १९२४ साली तेथे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. उजेड वाढवला तर काम वाढलेच, पण कमी केला तरी ते म्हणावे तसे घटेना. १९२७ मध्ये जुळणीकाम करणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या व कामाच्या वेळा बदलून पाहिल्या. तेथेही काम वाढत गेले. लक्ष दिले की माणूस फुलतो, असा निष्कर्ष त्यातून पुष्कळांनी काढला. पुढच्या अभ्यासकांनी मात्र बोट ठेवले, की त्या मुलींची मजुरी ठरविण्याची पद्धतही बदलली होती आणि मध्येच दोन मुलींच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. म्हणजे नुसत्या कौतुकाने काम वाढले असे म्हणता येत नाही. चांगला शिक्षक या दोन्ही बाजू सांगतो.

आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो तिसरा प्रयोग. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांवर फक्त नजर ठेवली, बदल काही केला नाही. मजुरी सर्वांच्या मिळून कामावर होती. जास्त काढा, जास्त घ्या. तरी त्यांनी दिवसाचे काम आपसांत ठरवून टाकलेले! त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसे, फार कमी करणाऱ्याला टोमणे मिळत आणि साहेबाकडे चहाडी करणारा वाळीत पडे. का? तर आज जास्त काढून दाखवले की उद्या कंपनी दर कापील, किंवा माणसे कमी करील, ही धास्ती. काळ मंदीचा होता. बाहेरून बघणाऱ्याला हा आळस दिसतो. आतून पाहिले तर तो संसाराचा हिशोब आहे.

पाहिजे एक, पैसे दुसऱ्याचे

१९७५ साली स्टीव्हन केर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने एक छोटा लेख लिहिला. अजून तो वर्गात वाचायला देतात. त्याचे सांगणे असे, की संस्थेला हवी असते एक गोष्ट आणि ती पैसे देते भलत्याच गोष्टीचे. आणि वर म्हणते, माणसे नीट वागत नाहीत.

आता आपल्या फडावर या. कारखान्याला पाहिजे ताजा, स्वच्छ आणि जमिनीलगत तोडलेला ऊस, कारण बुडख्याकडे साखर जास्त. टोळीला मजुरी मिळते टनावर. पाचट आणि वाढ्याचा तुकडा मोळीत गेला तर तोही काट्यावर वजनच देतो. बुडखा सोडला तर कमरेला वाक कमी पडतो. शिवाय हंगामाआधी घेतलेली उचल टनांनीच फिटायची आहे. मग टोळी घाई करणार नाही तर काय करील? "टोळ्या माजल्यात" म्हणणे सोपे आहे. पण आपण पैसे कशाचे मोजतो, हे आधी बघायला नको का? आणि मग आपणच खुशाली देऊन तो फरक भरून काढतो.

हीच गोष्ट ऑफिसच्या बाजूला. गाळप कमी पडले की शेतकी खात्याला जाब विचारला जातो, "गव्हाण रिकामी का राहिली?" यार्डात गाड्या किती तास उभ्या होत्या, असा जाब तितक्या कडकपणे विचारला जात नाही. साहजिकच खाते यार्ड भरलेले ठेवते. चिटबॉयही त्याच हिशोबाने नंबर सोडतो. इकडे तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखरही घटते. ऊसाची एफ.आर.पी. साखर उताऱ्याशी जोडलेली आहे. म्हणजे त्या उभ्या गाडीचा भुर्दंड सर्व सभासदांवर बसतो, ज्याचा ऊस ताजा गेला त्याच्यावरसुद्धा. यात कोणी बदमाश नाही, बरं का. जो तो आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे.

अहमदाबादचे माग

आपल्या देशातली हकिकत सांगतो. १९५३ साली लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही मनासारखे काम निघत नव्हते. विणकर वेगळा, बॅटरी भरणारा वेगळा, तेल देणारा वेगळा, झाडणारा वेगळा. प्रत्येक जण आपले एवढेसे काम करून मोकळा. एका मागाची अख्खी जबाबदारी कोणाचीच नव्हती. राइस यांनी सुचविले, की छोटे गट करा आणि ठरावीक माग गटाच्या ताब्यात द्या. कामगारांनी व जॉबरांनी ही कल्पना उचलली आणि गटात कोण हवे हे बरेचसे आपसांत ठरवले. काम वाढले, खराब कापड कमी झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७० मध्ये एरिक मिलर परत जाऊन पाहतात, तो एका खात्यात गट-पद्धत टिकलेली, बाकी ठिकाणी बरेचसे जुन्या वळणावर गेलेले. एकदा बसवलेली घडी आपोआप राहत नाही. ठिबकची नळी बसवून कोणी वर्षभर फिल्टर धुतला नाही तर जे होते, तेच.

या विद्येचे एक उणे आमच्या मनात आहे. पुस्तकातला कामगार एकटा असतो. सकाळी पंच करतो, संध्याकाळी घरी जातो. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांची खोपटी फडाजवळ, लेकरे तिथेच, आणि हिशोब मुकादमाच्या वहीत बहुधा नवऱ्याच्या नावावर. त्या बाईने वाहिलेल्या मोळ्यांचे मोजमाप कोणत्या कोष्टकात बसवायचे? तुमच्या-आमच्या घरची मुले हा विषय शिकत आहेत, त्यांनी आपल्या प्रकल्पासाठी पुण्या-मुंबईची कंपनी शोधण्यापेक्षा एक हंगाम टोळीबरोबर काढावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

सभासदांसाठी अभ्यास

या हंगामात आपला नंबर आल्यावर वहीत चार वेळा टिपून ठेवा : पहिला कोयता कधी पडला, गाडी कधी भरली, यार्डात कधी लागली, काटा कधी झाला. प्रत्येक टप्प्यावर कोण कोणाची वाट पाहत होते तेही लिहा. खुशाली दिली असल्यास किती व कशाबद्दल, हे लिहायला संकोच करू नका. नाव घालण्याची गरज नाही. कागद गट ऑफिसच्या पेटीत टाकावा. आलेल्या टिपणांवर पुढील अंकात आपण मिळून विचार करू.