‘कोळीण’ : वसाहतकालीन पोस्टकार्डांतील वेश आणि मराठीतील वेशवाचक क्रियापदे

हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्र-पोस्टकार्डांचा प्रसार झाला, तेव्हा मुंबईत छापल्या वा विकल्या जाणाऱ्या कार्डांवर कोळीण हा एक आवडीचा विषय ठरला. डोक्यावर पाटी, गुडघ्यापर्यंत चापून नेसलेले लुगडे, अंगावर दागिने आणि खाली इंग्रजीत ‘मुंबईची मासेवाली’ अशा अर्थाची ओळ, ही त्या चित्रांची ठरीव घडण होय. चित्रातील स्त्री वरळीची, वरसोलीची की थळची, हे त्या ओळीवरून कळत नाही. तिचे नावही तेथे नसते.

या घडणीला पूर्वपरंपरा आहे. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रांत माणसांच्या आकृती कापून वेगळ्याच पार्श्वभूमीवर बसविलेल्या आहेत. माणूस त्याच्या परिसरातून सुटा झाला की वेश हाच त्याचा परिचय होतो. हीच दृष्टी सातासमुद्रापलीकडेही दिसते. मार्तिनिक व ग्वादलूप या फ्रेंच वसाहतींतील पोस्टकार्डांवर क्रिओल स्त्रिया चौकटीच्या रुमालाची गाठ डोक्यावर बांधून उभ्या दिसतात आणि त्या व्यक्ती म्हणून नव्हे, तर नमुने म्हणून नोंदल्या जातात. त्या रुमालाला तेथे ‘मद्रास’ म्हणतात, कारण ते कापड मुळात हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरून गेलेले होते. कापडाला आपल्या उगमाचे नाव मिळाले. ते बांधणारीला मात्र मिळाले नाही.

या कार्डांच्या ओळींत फक्त नामे असतात. मराठीत वेशाचा विचार क्रियापदांतून होतो. लुगडे नेसतात, चोळी घालतात, फडकी पांघरतात, कासोटा मारतात, पदर खोचतात, बांगड्या भरतात, वेणी माळतात. प्रत्येक वस्तूचे शरीराशी असलेले नाते वेगळे, म्हणून क्रियापदही वेगळे. त्यातही ‘नेसणे’ विशेष लक्षणीय आहे. लुगडे हे शिवलेले वस्त्र नव्हे. ते दररोज नव्याने आकाराला येते. थळच्या किनाऱ्यावर, खांदेरी-उंदेरी समोर ठेवून, ओल्या वाळूत व चिखलात मासळी उतरवायची तर निऱ्या मागे घट्ट खोचलेल्या आणि पाय मोकळे असणे आवश्यक असते. पोस्टकार्डावर जे ‘चित्तवेधक’ म्हणून विकले गेले, ते किनाऱ्यावर कामाचे गणित होते. ‘नेसवणे’ हे प्रयोजक रूप तर आणखी पुढे जाते; आई किंवा आत्या मुलीला प्रथम लुगडे नेसवते, तेव्हा ते कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे जाते. छायाचित्रातील स्थिर वेशात ही क्रिया उरत नाही.

अर्थात सर्वच चित्रे परक्या नजरेची नाहीत. एम. व्ही. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली आणि ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथासाठीही चित्रे रंगविली. नेसण्याच्या तऱ्हा त्यांना घरातूनच परिचित होत्या. त्यांच्या रेषेत निरीचा ओघ आणि पदराचे वजन जाणवते. तथापि ग्रंथाची मांडणी सामाजिक वर्गांनुसारच राहिली. जाणकार हातसुद्धा वर्गीकरणाच्या चौकटीत काम करीत होता, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

म्हणून ही पोस्टकार्डे वेशाचा पुरावा म्हणून वापरताना सावधगिरी हवी. ती काठ, लांबी, दागिने दाखवितात. नेसण्याची रीत आणि तिची भाषा दाखवीत नाहीत. ती भाषा थळसारख्या गावांतील वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात आहे, आणि नित्याचे लुगडे मागे पडत असताना तिचे शब्दही मागे पडत आहेत. जुनी कार्डे त्यांच्यासमोर ठेवून प्रत्येक निरी-गाठीचे नाव व क्रियापद टिपून घेणे, हे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे. कार्डाखालच्या इंग्रजी ओळीला तेच खरे उत्तर ठरेल.