वाटेपेक्षा सोबत मोठी

मननासाठी वाचन : निर्गम १३:१७-२२, निर्गम ३३:१-१७, गणना ९:१५-२३



आपला धर्मग्राम हा प्रवाशांचा धर्मग्राम आहे. कोणी वसईहून आले, कोणी अहमदनगर-जालन्याकडून, कोणी गोव्याहून, मंगळूरहून, केरळहून. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि हे नवे शहर उभे राहू लागले. पण ही जमीन रिकामी नव्हती. येथे आगरी-कोळी बांधवांची गावे होती, भातखाचरे आणि मिठागरे होती. आपण येथे आलो तेव्हा त्यांनाही आपले जुने जिणे मागे टाकून एका वेगळ्या प्रवासाला निघावे लागले. म्हणून इस्राएल लोकांचा रानातील प्रवास आपण परक्यासारखा वाचू शकत नाही.

घरभेटीच्या वेळी एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो : "फादर, देवाची इच्छा काय आहे हे कसे ओळखायचे?" बदली स्वीकारावी का, आखातात जावे का, कर्ज काढून घर घ्यावे का, गावी परतावे का? आजच्या पाठात आपण हाच प्रश्न घेऊन मोशेच्या लोकांबरोबर थोडे चालू या.

१. जवळची वाट टळली

मिसर देशातून कनानला जाण्याची जवळची वाट पलिष्ट्यांच्या मुलखातून जात होती. परमेश्वराने लोकांना त्या वाटेने नेले नाही. युद्ध पाहून त्यांचे मन खचेल आणि ते गुलामगिरीत परत फिरतील, हे त्याला ठाऊक होते (निर्गम १३:१७). त्याने त्यांना लांबच्या वाटेने, रानातून नेले. दिवसा मेघस्तंभ, रात्री अग्निस्तंभ. म्हणजे लांबचा रस्ता ही नेहमीच शिक्षा नसते. कधी कधी तो आपल्या दुबळेपणाची देवाने केलेली कदर असते.

आणखी एक गोष्ट पाहा. तांबड्या समुद्राजवळ फारोचे सैन्य पाठीशी आले, तेव्हा पुढे चालणारा मेघस्तंभ उठून लोकांच्या मागे जाऊन उभा राहिला (निर्गम १४:१९-२०). पुढची दिशा दिसेनाशी झाली, पण पाठ राखली गेली. देव पुढे दिसत नाही त्या दिवशी तो आपल्या मागे उभा असू शकतो.

२. वाट मिळाली, पण देव आला नाही तर?

सोन्याच्या वासराच्या पापानंतर परमेश्वर मोशेला जे सांगतो ते धक्का देणारे आहे. देश मिळेल, वाट दाखवायला दूत मिळेल, शत्रूही हटवले जातील. फक्त देव स्वतः त्यांच्यामध्ये राहून चालणार नाही (निर्गम ३३:१-३). लोकांना जे जे हवे होते ते सर्व येथे आहे. तरी ही बातमी ऐकून त्यांनी शोक केला. आणि मोशेने स्पष्ट सांगितले, की तू बरोबर येणार नसशील तर आम्हाला येथून हलवूच नकोस (निर्गम ३३:१५).

येथे एक शंका येईल. परमेश्वर तर सर्वत्र आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की जे जे अस्तित्वात आहे, त्याला अस्तित्व देणारा देवच असल्यामुळे तो प्रत्येक वस्तूच्या अगदी आत आहे. मग तो 'बरोबर येणार नाही' याचा अर्थ काय? उत्तर आपल्या घरातच सापडेल. एका छपराखाली राहणारी दोन माणसे महिनोन्महिने एकमेकांशी अबोला धरू शकतात. दोघेही घरात आहेत, पण सहवास नाही. मोशे मागतो तो हा सहवास, नाते. त्याला वाट हवीच होती, पण सोबतीच्या बदल्यात नको होती.

म्हणून निर्णय घेताना आपण फक्त 'हे जमेल का?' एवढेच विचारून थांबू नये. ही नोकरी, हे घर, हा देश मिळाल्यावर आपल्या घरात प्रार्थनेला, रविवारच्या मिस्साला, एकमेकांना जागा उरेल का, हेही विचारावे. सर्व मिळाले आणि सोबत सुटली, तर आपण कोठे पोहोचलो?

३. मेघ थांबतो तेव्हा

गणना ९:२२ सांगते की मेघ कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी त्याहून अधिक काळ निवासमंडपावर राही. तो थांबला की छावणी थांबे, उठला की छावणी उठे. किती दिवस थांबायचे हे आधी कोणालाच कळत नसे. तंबू ठोकावा तर उद्या उपटावा लागेल, न ठोकावा तर महिना जाईल. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको!

पण सर्व थांबणे सारखे नसते. होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची होती (अनुवाद १:२). पुढे वचनदत्त देश समोर असताना लोकांनी अविश्वासाने माघार घेतली आणि चाळीस वर्षे रानात गेली (गणना १४). भीतीने थांबणे वेगळे, देवासाठी थांबणे वेगळे. खरे थांबणे कसे असते? मिर्यामला त्वचारोग झाला आणि ती सात दिवस छावणीबाहेर राहिली. ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही (गणना १२:१५). एका आजारी स्त्रीसाठी सारी छावणी थांबली! अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी, वेगळ्या गतीने शिकणाऱ्या मुलासाठी ज्यांनी आपली बढती सोडली, त्यांना 'तुम्ही मागे राहिलात' असे कोणी म्हणू नये. ते वाटेवरच आहेत.

४. होबाबाचे डोळे

मेघ वाट दाखवत असतानाही मोशे आपल्या सासरच्या होबाबाला विनवतो, की रानात तळ कोठे द्यायचा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो (गणना १०:२९-३२). दैवी मार्गदर्शन मिळाले म्हणजे जाणत्या माणसाचा सल्ला नको, असे नाही. गुप्त खुणा शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरांना, वकिलाला, अनुभवी शेजाऱ्याला विचारणे हा श्रद्धेचाच भाग आहे.

५. पनवेलची साक्ष

या सोबतीची एक साक्ष आपल्या अगदी जवळ आहे. पनवेल येथे बेने इस्राएल समाजाचे 'बेथ एल' हे १८४९ सालचे सिनेगॉग आहे. या समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. जवळ याजक नव्हता, मंदिर नव्हते. ते कोकणात वसले, मराठी बोलू लागले, गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे लावू लागले. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला, पण शब्बाथाला घाणा बंद ठेवला. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. सुंता, शब्बाथ आणि 'शेमा' ही देवाच्या एकत्वाची प्रार्थना, एवढी शिदोरी त्यांनी पिढ्यान्पिढ्या जपली. नंतर कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून त्यांना अधिक शिक्षण मिळाले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलला गेले, आणि जाताना मराठी बरोबर घेऊन गेले.

'बेथ एल' म्हणजे देवाचे घर. घर सोडून निघालेला याकोब उघड्या रानात दगड उशाला घेऊन झोपला, आणि जाशील तेथे मी तुझ्याबरोबर असेन असे अभिवचन त्याला मिळाले. त्या ठिकाणाला त्याने हे नाव दिले (उत्पत्ती २८:१०-१९). देवाचे घर प्रवाशाला वाटेतच सापडले.

६. आपल्या चर्चमधील तंबू

कराराच्या कोशाचे दांडे कड्यांतून कधीच काढायचे नव्हते (निर्गम २५:१५). कोश कायम निघण्याच्या तयारीत! आपण ज्याला टॅबर्नेकल म्हणतो त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ 'तंबू' असाच आहे. योहान आपल्या शुभवर्तमानात (१:१४) प्रभू येशूविषयी जो ग्रीक शब्द वापरतो, त्यातही 'आपल्यामध्ये तंबू ठोकला' हाच अर्थ आहे. टॅबर्नेकलजवळ तेवणारा दिवा पाहून आपण हे आठवू या : प्रभू आपल्याबरोबर मुक्कामाला आहे, आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन आपण बाहेर पडतो तेव्हा तोही आपल्याबरोबर निघतो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील सध्याचा कोणता निर्णय आपण देवाशी न बोलता घेत आहोत?
२. आपण थांबलो आहोत ते भीतीने की कोणावरील प्रेमाने?
३. आपल्या इमारतीत नव्याने आलेल्या कुटुंबाचे 'डोळे' आपण होऊ शकतो का?

प्रार्थना

हे प्रभू, पुढची सगळी वाट आम्हाला आज दिसली नाही तरी चालेल. तू बरोबर राहा. आम्ही घाईत असू तेव्हा आम्हाला थांबव, भ्यालो असू तेव्हा उठव, आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबायला शिकव. आमेन.