डावा कौल

रत्नागिरी,
१२ ऑक्टोबर

चि. मैत्रेयीस,


गणपतीत तू रागावून दोन दिवस आधीच पुण्याला निघून गेलीस. तेव्हापासून घरात तुझं नाव निघालं की आजी पदराने चष्मा पुसत बसते. पुसून उपयोग नाही, धूसर आहे ते काचेच्या आत, पण सवय. भांडणाची हकीकत मी तुझ्या आईकडून, आजीकडून आणि फोनवर तुझ्याकडून अशी तीनदा ऐकली. तिन्हींत एवढं सारखं आहे : आजी म्हणाली, मोतीबिंदू काढायच्या आधी देवीला कौल लावू. तू म्हणालीस, आधी देवी आहे याचा पुरावा दे. आजी म्हणाली, तू नवसाची आहेस गो बाय, आणखी कसला पुरावा? त्यावर तू जे बोललीस ते इथे लिहीत नाही.

मी तुझ्याच बाजूचा माणूस आहे हे तुला माहीत आहे. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आरतीला उभा राहतो तो टाळ वाजवायला. तेव्हा हे पत्र तिकडच्या गोटातून आलेलं नाही, एवढं धरून वाच.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, पितृपंधरवडा चालू. गणपती दूध पितो अशी बातमी सकाळी उत्तरेकडून निघाली आणि संध्याकाळपर्यंत देशभर झाली. आपल्या आळीत दुपारी चहाला दूध नव्हतं. मी शाळेतून आलो, देव्हाऱ्यातला पितळी गणपती काढून पाटावर ठेवला आणि चमचाभर दुधात चिमूटभर कुंकू कालवलं. चमचा काठोकाठ भरला की दूध वर फुगून राहतं. सोंडेला टेकलं की पृष्ठताणाने ओढलं जातं आणि अंगावरून पातळ पापुद्र्यासारखं उतरतं. पांढरं दूध ओल्या पितळेवर दिसत नाही. कुंकवाचं दिसलं. सोंडेवरून पोटावर, पोटावरून पाटावर लाल ओघळ. शेजारीपाजारी बघत होते. मी मास्तरच, त्यामुळे नुसतं दाखवून थांबलो नाही. शेजारच्या काकांना सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘आता बोला, कोण प्यायलं?’’ काका काही न बोलता चपला घालून गेले. आजी म्हणाली, ‘‘झालं ना सिद्ध? आता पाट पूस, मुंग्या येतील.’’

पुढच्या मे महिन्यात त्याच काकांच्या नातवाला लाकडं काढताना विंचू चावला, आपला कोकणातला लाल विंचू. मला कळवलं नाही. मधे एक गडगा, पण कळवलं नाही. पोराला आधी मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे नेलं, तिथे अर्धी रात्र गेली. घाम सुटून हातपाय गार पडले तेव्हा कुठे दवाखाना. पोर वाचलं. श्रेय उतरवणाऱ्याला गेलं, नारळही त्यालाच.

हा उतरवणारा काही लबाड नव्हता, आणि त्याच्याजवळ पुरावा नव्हता असंही नाही. ढीगभर होता. विंचू चावलेल्यांपैकी पुष्कळांना नुसती कळ येते आणि दिवसभरात ती आपोआप ओसरते. ते सगळे त्याचे साक्षीदार. ज्यांच्या हृदयावर विष गेलं आणि फुप्फुसांत पाणी झालं, ते सांगायला परत येत नाहीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी काय केलं, तर दोन्ही प्रकारचे रुग्ण मोजले, रात्र रात्र उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी देऊन पाहिली. चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. देव आहे की नाही यावर त्या नोंदींत अवाक्षर नाही. त्याची गरजच पडली नाही.

म्हणून सांगतो, ‘देवाचा पुरावा’ असं घाऊक मागू नकोस. समोरचा नेमकं काय म्हणतोय ते आधी ऐक. ‘मंत्राने विष उतरतं’ हे म्हणणं तपासता येतं, आणि ते तपासायला लाजू नकोस, कोणाच्या भावना दुखावल्या तरी; तिथे पोराचा जीव टांगलेला असतो. ‘या सगळ्याला कोणीतरी कर्ता असणार’ हे म्हणणं वेगळं. उदयनाचार्यांनी हजार वर्षांपूर्वी ईश्वर सिद्ध करायला ‘न्यायकुसुमांजलि’ लिहिला. दुसरीकडे मीमांसक. वेद शिरोधार्य मानणारे, यज्ञ हाच ज्यांचा धर्म, ते म्हणाले जगाला कर्ता लागत नाही. आणि तरी ते आस्तिकच, कारण आपल्याकडे जुन्या हिशेबात आस्तिक म्हणजे वेद मानणारा. (तुझ्या व्याख्येने ते नास्तिक ठरतील. त्यांना सांगून बघ.) हजार वर्षं भल्याभल्यांना न सुटलेला वाद तू उकडीच्या मोदकांच्या दोन घाण्यांमध्ये सोडवायला बसलीस.

आपल्या गावाचंच बघ. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ हा निबंध त्यांचाच. विश्व काही माणसाच्या सोयीसाठी चाललेलं नाही, हे त्यात रोखठोक मांडलंय. त्याच माणसाच्या पुढाकाराने १९३१ साली इथे पतितपावन मंदिर उभं राहिलं, भागोजीशेठ कीरांच्या पैशाने. सावरकरांचं सगळंच मला पटतं असं नाही, पण यात मला विसंगती दिसत नाही. गाभाऱ्यात देव आहे का, हा त्या मंदिराचा प्रश्नच नव्हता. गाभाऱ्यापर्यंत कोणाला जाऊ देता, हा होता.

नट डॉ. श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर एका व्यासपीठावरून बोलत. लागू म्हणत, देवाला आता निवृत्त करा. दाभोलकर म्हणत, देवाला आमचा विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. पूर्वी मला दाभोलकरांचं म्हणणं जरा गुळमुळीत वाटायचं. गडग्यापलीकडच्या त्या रात्रीनंतर वाटेनासं झालं.

आणि एक आपल्या बाजूचं. तू आजीला म्हणालीस, विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केलंय. कुठे? मला तो धडा कधी शिकवावा लागला नाही. ‘मला पुरावा दिसत नाही, म्हणून मी मानत नाही’ एवढं म्हण. पुरेसं आहे, खरंही आहे. त्यापुढचं जे बोललीस ती वर्गातल्या पहिल्या नंबराची मिजास होती, आणि ती मी ओळखतो, कारण आपल्या घरात ती माझ्याकडून आलीय.

राहिला नवस. तो पुरावा नाही, बरोबर. नवस बोलून मूल न झालेली घरं मोजावी लागतील, हेही बरोबर. पण बाय, त्यातलं एक घर हे आहे. ज्या वर्षी आजीने तुझ्या आईसाठी त्या देवीला नवस बोलला, त्याच वर्षी, त्याच दिवशी तुझ्या मामीसाठीही बोलला होता. दोन नारळ ठेवले होते. एक नवस फेडला, दुसरा फेडायची वेळ आली नाही. आजीने त्यावर मला किंवा मामीला कधी एक शब्द विचारला नाही, आणि देवीकडे जायचंही थांबवलं नाही. तू जो प्रतिपुरावा तिच्या तोंडावर फेकायला निघाली होतीस, तो तिने तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं सांभाळलाय.

आता कौलाचं. गेल्या मंगळवारी आम्ही देवळात गेलो. मीही गेलो, कारण डॉक्टरांची तारीख मी आधीच घेऊन ठेवली होती, आणि कौल काहीही लागला तरी ती मोडू द्यायची नाही असं ठरवून गेलो होतो. तिथे मी तुझ्यासारखाच भांडलो असतो. फक्त देवीच्या असण्यावर नाही, तारखेवर. गुरवाने पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आम्ही ‘होय महाराजा’ म्हटलं. मग वाट बघणं. कळी सुकते तशी सुटते. दाराकडून वारा येत होता. मी मनात हिशेब करत होतो, आजी हात जोडून, डोळे मिटून. पहिली कळी पडली ती डावीकडची. डावा कौल म्हणजे नकार, हे तुलाही ठाऊक आहे. माझ्या पोटात गोळा आला. गुरवाने क्षणभर कळीकडे पाहिलं, मग आजीच्या चष्म्याकडे, आणि शांतपणे म्हणाला, ‘‘देवी म्हणते, डावा डोळा आधी.’’

पुरावा म्हणून याची किंमत शून्य. उजवी पडली असती तर उजवा डोळा झाला असता, किंवा नुसताच होकार. पण डॉक्टरांनीही डावाच आधी सांगितलाय, तो जास्त पिकलाय. आजी घरी येईपर्यंत चारजणींना सांगून झाली.

ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी. नंतर महिनाभर वेळच्या वेळी थेंब घालायचे आहेत. माझा हात हल्ली थरथरतो, मामीला रात्रीचं दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता स्वारगेटहून रातराणीने ये. आजीने विचारलं नाहीये. माळ्यावरची तुझी गादी मात्र काल तिने उन्हात टाकली.

तुझा,
मामा