हार्ड डिस्क अचानक बंद पडते तेव्हा : फर्मवेअरमधील दोष, निदान आणि दुरुस्ती

दुकानदाराची खातेवही, कर सल्लागाराकडील विवरणपत्रे, गृहनिर्माण संस्थेची सभासद-यादी, घरातील छायाचित्रे : या साऱ्यांचा साठा आज कोठल्या ना कोठल्या डिस्कवर असतो. एखाद्या सकाळी संगणक सुरू करावा आणि पडद्यावर ‘डिस्क आढळत नाही’ अशी सूचना यावी, की सर्व माहिती नष्ट झाली असा बहुतेकांचा समज होतो. हा समज प्रत्येक वेळी खरा नसतो. काही प्रसंगी माहिती जागच्या जागी सुरक्षित असते. तिच्यापर्यंत पोहोचविणारी आज्ञावली तेवढी थबकलेली असते. हा भेद वेळीच ओळखला तर माहिती परत मिळू शकते. न ओळखल्यास घाईने केलेला उपायच ती घालवितो. प्रस्तुत लेखात याच भेदाचा परिचय करून घेऊ.

फर्मवेअर म्हणजे काय?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. माहिती वाचणारे व लिहिणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात. या सर्व हालचालींचे नियंत्रण करणारी, डिस्कमध्येच वसलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. तिचा काही भाग सर्किट बोर्डवरील चिपमध्ये आणि उर्वरित भाग तबकड्यांवरील राखीव पट्ट्यांत असतो. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर तबकडी ही तिजोरी आणि फर्मवेअर हा किल्लीदार. किल्लीदार मूर्च्छित झाला म्हणून तिजोरीतील रोकड कमी होत नाही. मात्र दारही उघडत नाही.

एक बोलके उदाहरण

सीगेट कंपनीच्या ‘बाराकुडा ७२००.११’ या मालिकेतील डिस्कबाबत २००८ च्या अखेरीस असाच प्रकार घडू लागला. आदल्या दिवशी सुरळीत चालणारी डिस्क दुसऱ्या दिवशी संगणकाला दिसेनाशी होई किंवा तिची क्षमता शून्य दाखविली जाई. डिस्क स्वतःच्या कामकाजातील घडामोडींची एक अंतर्गत नोंदवही ठेवते. या नोंदवहीची अंतिम मर्यादा फर्मवेअरमध्ये एका नोंदीने चुकली होती. डिस्क सुरू होताना नोंदींचा क्रमांक नेमका ३२० किंवा त्यापुढे २५६ च्या पटीने वाढलेला असला आणि कारखान्यातील चाचणीच्या वेळी राखीव पट्ट्यांत विशिष्ट नमुना उमटलेला असला, तर फर्मवेअर नोंदवहीच्या बाहेर पाऊल टाकी. चूक लक्षात येताच खबरदारी म्हणून डिस्क स्वतःच काम थांबवी. ग्राहकाची माहिती तबकडीवर शाबूतच असे.

जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य करून सुधारित फर्मवेअर उपलब्ध केले. त्यांपैकी ५०० जीबीच्या काही डिस्कसाठी दिलेली पहिली आवृत्तीही सदोष निघाल्याने ती मागे घेऊन पुन्हा द्यावी लागली. सुधारणा करण्यापूर्वीही माहितीची प्रत काढून ठेवावी, हा धडा त्यातून मिळतो.

निदानाचा क्रम

१. प्रथम डिस्कचा आवाज ऐकावा. ‘टक-टक’ असा ठोके पडल्यासारखा किंवा घासल्यासारखा आवाज आल्यास दोष यांत्रिक असण्याची शक्यता मोठी असते. वीजपुरवठा तत्काळ बंद करावा; प्रत्येक नव्या प्रयत्नाने तबकडीवर ओरखडे वाढू शकतात.

२. डिस्क मुळीच फिरत नसल्यास वीजपुरवठा, सर्किट बोर्ड किंवा मोटर यांकडे लक्ष द्यावे.

३. डिस्क नेहमीप्रमाणे फिरते, आवाजही स्वाभाविक आहे, तरीही ती दिसत नाही, अशा वेळी केबल व पोर्ट बदलून पाहावे. त्यानंतर ती दुसऱ्या संगणकाला जोडावी.

४. तेथेही बायॉसमध्ये डिस्कचे नाव न दिसल्यास किंवा क्षमता शून्य दिसल्यास फर्मवेअरचा संशय घेण्यास जागा आहे. डिस्कवरील लेबलवरून मॉडेल, अनुक्रमांक व फर्मवेअरची आवृत्ती टिपून घ्यावी आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील सूचनांशी पडताळावी.

दुरुस्ती कशी होते?

थबकलेली डिस्क संगणकाच्या आज्ञा स्वीकारीत नसल्याने सुधारित फर्मवेअर तिच्यावर थेट चढविता येत नाही. आधी तिला जागे करावे लागते. बाराकुडाच्या बाबतीत तंत्रज्ञ डिस्कवरील सीरियल पिनांना योग्य व्होल्टेजचा अडॅप्टर जोडून तिच्या अंतर्गत नियंत्रण-व्यवस्थेशी संवाद साधीत, काही अंतर्गत नोंदी पुसून तिला पुन्हा कार्यरत करीत. लगेच सर्व माहितीची प्रत काढली जाई आणि त्यानंतरच फर्मवेअर बदलले जाई. हा क्रम उलटवू नये.

हे काम अनुभवी हातांचे आहे. एखादी चुकीची आज्ञा दिली गेल्यास शाबूत माहितीचा पत्ताच हरवू शकतो. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड बसवूनही सहसा काम भागत नाही, कारण बोर्डवरील चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कचीच मापे नोंदलेली असतात. डिस्कचे झाकण उघडणे तर सर्वथा टाळावे. धुळीचा एक कणही हेडच्या मार्गात अडथळा ठरतो.

आरसे अनेक, दोष एक

माहिती दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याच्या पद्धतीवर, म्हणजे रेडवर, अनेक कार्यालये विसंबतात. फर्मवेअरच्या दोषापुढे ही योजना अपुरी पडू शकते. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने सर्व्हरसाठीच्या काही एसएसडीबाबत इशारा दिला, की जुने फर्मवेअर न बदलल्यास ३२,७६८ तासांच्या वापरानंतर, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस व ८ तासांनी, त्या निकामी होतील. एकाच दिवशी बसविलेल्या डिस्क अशा वेळी जवळजवळ एकाच क्षणी बंद पडतात. मग आरसा कोणाचा आणि प्रतिबिंब कोणाचे? म्हणून रेडला बॅकअप समजू नये.

ग्राहकांनी घ्यावयाची काळजी

तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा संच त्याच तिजोरीत ठेवला जात नाही. माहितीची प्रतही त्याच संगणकात न ठेवता वेगळ्या साधनावर व शक्यतो वेगळ्या ठिकाणी ठेवावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, माहिती नव्हे, हेही ध्यानी असावे. शिवाय दुरुस्तीस दिलेल्या डिस्कवर खात्यांचे तपशील, पॅन व पासवर्ड असू शकतात. त्यामुळे विश्वासार्ह तंत्रज्ञ निवडावा, अनुक्रमांक नमूद केलेली पोच घ्यावी आणि साठविलेले पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून तत्काळ बदलावेत.

सारांश, डिस्क दिसेनाशी झाली तर फॉरमॅट करण्याची घाई करू नये. ऐकावे, तपासावे, टिपून घ्यावे आणि मगच दुरुस्तीचा निर्णय घ्यावा. परंतु तो निर्णय निश्चिंत मनाने घेता यावा यासाठी आजच प्रत काढून ठेवणे श्रेयस्कर.